परदेशी गेलेल्या मुस्लिम घराचा इतिहास बडोद्यात कसा जुळवावा

बडोदं सोडून ब्रिटन-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुस्लिम कुटुंबातल्या कुणाला घराण्यावर लिहायचं असलं, की कागद शोधायचं काम इथल्या शेजाऱ्यांवर, मित्रांवर येतं. त्यात मराठी माणसाचा उपयोग मोठा. गायकवाडी दप्तरातलं जुनं बरंच मराठीत आहे, आणि तेही मोडी लिपीत.

पण दप्तरात जाण्याआधी माणसं गाठावीत. घरातल्या थोरल्यांना एकेकटं बसवावं, पंखा बंद करावा, रेकॉर्डिंगसाठी मोबाइल उशीवर ठेवावा आणि पाऊण तासात थांबावं. दोन बहिणी एकत्र बसल्या की मोठीची आठवण तीच धाकटीची होते. "फाळणीबद्दल काय वाटलं?" असं विचारलं की ऐकीव उत्तर मिळतं. त्याऐवजी रेडिओवर कोणतं स्टेशन लागायचं, घरात कुठलं उर्दू मासिक यायचं, मतदानाला बायका गेल्या होत्या का, असं विचारावं. राजकारण त्यातून आपोआप येतं. 1969 किंवा 2002 च्या गुजरातमधल्या दंगलींचा विषय त्यांनी काढला तरच ऐकावा, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवायचं का ते तेव्हाच पुन्हा विचारावं.

वर्ष कुणालाच आठवत नाही, ईद आणि सिनेमा आठवतात. म्हणून तारीख त्यांच्यावरून काढायची. 1947 सालची रमजान ईद 18 ऑगस्टला होती, म्हणजे "आझादीनंतर लगेचची ईद" पक्की बसते. सिनेमाचं तसं नाही. "मुगल-ए-आझम" मुंबईत 5 ऑगस्ट 1960 ला लागला, पण गावोगावी तो नंतर पोचला आणि पुन्हापुन्हा लागत राहिला. त्यामुळे या आठवणीवरून "1960 नंतर" एवढंच सिद्ध होतं. कुणी "सगळा रंगीत पाहिला" म्हणालं, तर ती 2004 ची रंगवलेली प्रत. मूळ चित्रपट थोडा भाग सोडला तर कृष्णधवल होता. टॉकीज कुठली, सोबत कोण, कडेवर कुठलं मूल होतं, हे विचारलं की वर्ष आणखी जवळ येतं.

पुस्तकांत आधी पहिलं आणि शेवटचं कोरं पान पाहावं. कुराणशरीफ किंवा जुन्या उर्दू पुस्तकांच्या त्या पानांवर जन्म-मृत्यू नोंदलेले सापडतात. इथे आकडे फसवतात. उर्दूतला पाच आपल्याला शून्यासारखा दिसतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. वर्षाजवळ दो-चश्मी हे (दोन डोळ्यांसारखं दिसणारं उर्दू अक्षर, ھ) असेल तर ते हिजरी, म्हणजे इस्लामी वर्ष. ढोबळ ईसवी सन हवा असेल तर हिजरी आकड्याला 0.97 ने गुणून 622 मिळवावेत: 1366 म्हणजे 1947 च्या आसपास. एका वर्षाचा फरक धरूनच चालावं, कारण हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. शिवाय इस्लामी दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री जन्मलेल्या मुलाची चांदची तारीख आणि दवाखान्याची तारीख एका दिवसाने वेगळी दिसली, तर दोन्ही बरोबर असू शकतात. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर मात्र ती गुरुजींनी लावलेली तारीख समजावी.

गुजराती दस्तऐवजातलं विक्रम संवत दिवाळीनंतर बदलतं. दिवाळीपासून डिसेंबरअखेर 57 वजा करावेत, जानेवारीपासून दिवाळीपर्यंत 56. उत्तरेकडचं पंचांग चैत्रात वर्ष बदलतं, ते इथे वापरलं की वर्षाची चूक होते. मोडी कागदावर शुहूर सन (मराठी दप्तरांतली जुनी कालगणना) असतो, तोही अरबी संख्यांच्या अक्षरांत: "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे 1161. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात 599 मिळवायचे, पुढे 600. लिपी मोडी, संख्या अरबी; मोडीवाला आणि मौलवीसाहेब एका टेबलाशी बसले तर काम झटक्यात होतं.

प्रवासाच्या कागदांवरून परदेशातल्या नातवंडांचा गोंधळ उडतो. संस्थानच्या रयतेच्या जुन्या पासपोर्टवर "ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन" असं असायचं. त्याचा अर्थ निर्वासित असा नाही. बडोदा राज्य 1 मे 1949 ला मुंबई प्रांतात गेलं, त्यामुळे "बडोदा राज्य" छापलेला दाखला बहुधा त्याआधीचा. "1949 त पासपोर्ट काढून कराचीला गेले" असं कुणी सांगितलं तर ते परमिट असणार. भारत-पाकिस्तान प्रवासाला पासपोर्ट ऑक्टोबर 1952 पासून लागला. एक भाऊ तिकडे गेला असेल तर घराच्या प्रॉपर्टी कार्डावर कस्टोडियनची (पाकिस्तानात गेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची) नोंद आहे का ते सिटी सर्वे कार्यालयात पाहावं, 1950 च्या कायद्याने त्या भावाचा हिस्सा कस्टोडियनकडे गेलेला असू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ नावं खातात. इथे स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग अडनाव. परदेशी फॉर्मवर दोनच रकाने असले की वडिलांचं नावच अडनाव होऊन बसतं, आणि सख्ख्या चुलत भावांची अडनावं वेगळी पडतात. "भाई", "मियां", "बीबी" कुठे नावाला चिकटतात, कुठे गळतात. नावं मुळातून बदललेलीही सापडतात: 1886 त बडोद्यात गायनशाळा काढणारे मौलाबक्ष आधी चोले खान होते. त्यांचे नातू इनायत खान 1882 त इथेच जन्मले आणि 1910 त अमेरिकेला गेले. पणती नूर, म्हणजे इनायत यांची मुलगी, 1914 त मॉस्कोत जन्मली. अशा घराण्यात केवळ अडनावावर शोधत राहिलात तर हाती काही लागत नाही. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यावा आणि त्याखाली घरातलं, शाळेतलं, पासपोर्टवरचं नाव वेगवेगळं, जसं दिसलं तसं लिहावं. चुलत-मामे भावंडांत लग्नं होतात, त्यामुळे एकच बाई वंशावळीत दोनदा येते. क्रमांक असला की ती दोन बायका होत नाही.

आईकडची बाजू निकाहनाम्यातून मिळते. वधूच्या वडिलांचं नाव, वकील (निकाहात वधूच्या वतीने बोलणारा), साक्षीदार आणि मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम त्यात असते. साक्षीदार बहुतेक मामा-काका निघतात, त्यांची नावंही क्रमांकासकट उतरवावीत. निकाहनामा लॅमिनेट करू नये. दोन्ही बाजू 600 डीपीआयवर स्कॅन करून मूळ कागद घरी परत द्यावा.