सामाईक समुद्र वाचवायचाय? बाल्टिककाठी झालेल्या या चुका टाळा

समुद्राचं प्रदूषण म्हटलं की डोळ्यांसमोर फुटलेलं तेलवाहू जहाज येतं. पहिली चूक इथेच होते. जहाजांवर नियम हवेतच, पण उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राचं मोठं दुखणं शेतांतून आणि शहरांच्या गटारांतून आलं. खतांतला आणि सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस नद्यांवाटे समुद्रात उतरतो. उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाचा दाट तवंग धरतो. ते मेल्यावर तळाशी कुजतं आणि कुजताना तिथला प्राणवायू खाऊन टाकतं. मग तळाजवळ मासा राहत नाही.

दुसरी चूक म्हणजे किनाऱ्यावरचेच देश मोजणं. बाल्टिकच्या काठावर ९ देश आहेत, पण त्याचं पाणलोट क्षेत्र १४ देशांत पसरलंय आणि ते समुद्राच्या जवळपास चौपट आहे. बेलारूस किंवा चेकियाला बाल्टिकचा किनारा नाही, तरी तिथलं पाणी शेवटी बाल्टिकमध्येच जातं. बाल्टिक वाचवण्यासाठी काठच्या देशांनी केलेल्या १९७४च्या हेलसिंकी करारात तर सदस्य देशांचं अंतर्गत पाणीही (किनाऱ्यालगतच्या खाड्या, बंदरं वगैरे) धरलेलं नव्हतं. १९९२च्या नव्या करारात ती उणीव भरून काढली.

‘आधी संबंध सुधारू दे, मग समुद्राचं बघू’ असंही म्हणू नका. १९७४ साली शीतयुद्ध चालू होतं, तरी सोव्हिएत संघ, पोलंड, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क आणि दोन्ही जर्मनींनी एकाच कागदावर सह्या केल्या. मला हे त्या कराराचं सर्वांत मोठं यश वाटतं. पुढे २००५ मध्ये रशियाच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये सांडपाणी शुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्याला फिनलंड आणि स्वीडनने हातभार लावला होता. शेजाऱ्याच्या शहरातली मोरी दुरुस्त करायला आपला पैसा घालणं म्हणजे उपकार नव्हे. घाण आपल्याच किनाऱ्यावर येणार असते. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर रशियाबरोबरचं हे एकत्र काम विस्कटलं, याचं म्हणूनच फार वाईट वाटतं.

‘सर्वांनी प्रदूषण कमी करावं’ असा ठराव कुणालाच बांधत नाही. २००७च्या कृती आराखड्यात हा करार राबवणाऱ्या हेलकॉम या आयोगाने कुठल्या देशाने नायट्रोजन किती आणि फॉस्फरस किती कमी करायचा, हे वाटून दिलं. हिशेब देशवार झाला की कोण मागे पडलं, ते तरी दिसतं.

आणि सर्वांत महागात पडणारी चूक उतावीळपणाची. नळ बंद केला म्हणून तुंबलेली मोरी लगेच वाहती होत नाही. बाल्टिक उथळ आहे, सरासरी खोली साधारण ५५ मीटर. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतूनच त्याला मोकळ्या समुद्राचं पाणी मिळतं, त्यामुळे सगळं पाणी बदलायला सुमारे ३० वर्षं लागतात. त्यात तळाच्या गाळात दशकानुदशकांचा फॉस्फरस साठलाय आणि प्राणवायू संपला की तो गाळातून पुन्हा पाण्यात येतो. नद्यांतून येणारा भार घटला तरी शेवाळ येतच राहतं, ते यामुळे. २००७च्या आराखड्याने २०२१पर्यंत समुद्र चांगल्या स्थितीत आणायचं ठरवलं होतं. ते साधलं नाही. २०२१मध्ये आराखडा सुधारून २०३०ची मुदत घातली गेली.

पण ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणून हात झटकणंही चूकच. डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही कारखान्यांत वापरली जाणारी रसायनं यांच्यामुळे पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाची अंडी घरट्यातच वाया जात होती. त्या रसायनांवर बंदी आली, वर्षं गेली आणि आता बाल्टिकच्या काठावर त्यांची घरटी पुन्हा पिल्लांनी भरलेली दिसतात.