सेल बदलला आणि गजर मुका झाला?

रात्रपाळीची थ्री फेज लाईट आली की मोटर चालू करायला उठायचं, म्हणून पलूस-तासगावकडचे बरेच शेतकरी मनगटावर साधं डिजिटल घड्याळ ठेवतात. सेल बदलल्यावर वेळ बरोबर दिसते, पण गजर वाजत नाही, अशी तक्रार हमखास येते. घड्याळ टाकून देऊ नका.

कॅसिओ एफ-९१डब्ल्यूसारख्या घड्याळात आवाज काढणारी पातळ पिझो चकती मागच्या झाकणाला आतून चिकटवलेली असते. सर्किटमधून तिच्यापर्यंत वीज नेते ती तांदळाच्या दाण्याहून बारीक स्प्रिंग. झाकण उघडताना ती उडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सांगलीत सेल बदलून घेताना काउंटरवरच गजर वाजवून बघा. स्प्रिंग हरवलीच असेल, तर जुन्या बंद घड्याळातली बसवून द्यायला सांगा, बहुतेक वेळा जमतं.

सेल काढल्यावर वेळही नव्याने लावावी लागते. १२ तासांच्या पद्धतीत पहाटे ४ आणि दुपारी ४ यांत फरक फक्त बारीक ‘पीएम’ खुणेचा. उजवं बटण दाबून २४ तासांची पद्धत घ्या. गजर जेमतेम २० सेकंद वाजतो, तेव्हा झोपताना घड्याळ उशाजवळच ठेवा.