चीनमध्ये मुलांच्या स्पर्धेला जाताय? गाइड आणि ड्रायव्हर ठरवताना या चुका टाळा

बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांच्या घरात चीनमधल्या चेंगडू शहराचं नाव आता ओळखीचं झालंय. आशियाई १५ आणि १७ वर्षांखालील मुलांची स्पर्धा २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं तिथे झाली. २०२४चे थॉमस आणि उबर कप, म्हणजे पुरुष आणि महिला संघांच्या जागतिक स्पर्धाही तिथल्याच. संघासोबत प्रशिक्षक आणि मॅनेजर असतात, त्यांची सोय आयोजक बघतात. पंचाईत होते ती मागून स्वखर्चाने जाणाऱ्या आई-बाबांची. भाषा कळत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, आणि मुलाचा सामना सकाळी नऊला. मग चिनी बोलणारा स्थानिक गाइड आणि गाडी ठरवली जाते, बहुतेक वेळा घाईघाईत. मीही तसंच केलं होतं. तेव्हा झालेले घोळ आणि नंतर इतर पालकांकडून ऐकलेले, दोन्ही इथे लिहितेय.

पहिली चूक म्हणजे पर्यटनाचा गाइड घेणं. चिनीत 'दाओयोऊ' म्हणजे पर्यटन गाइड आणि 'फान्यी' म्हणजे दुभाषा. आपल्याला हवा असतो फान्यी, आणि एजंट पाठवतो दाओयोऊ. आमचा गाइड सज्जन माणूस होता, इंग्रजीही उत्तम. पण त्याच्या डोक्यात पांडा केंद्र आणि जुन्या गल्ल्या पक्क्या बसलेल्या. रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा बसवणं, कुठे होईल, हे विचारल्यावर तो गोंधळला. कोर्टवर दुभाष्याची गरजच नसते. पंच इंग्रजीत बोलतात, आणि गाइडकडे पास नसल्यामुळे तो आतही येऊ शकत नाही. गरज लागते ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात, औषधाच्या दुकानात, ड्रायव्हरशी बोलताना आणि देव न करो, दवाखान्यात. ठरवण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि याच चार ठिकाणांबद्दल विचारा. स्वतः खेळणारा किंवा खेळाची आवड असलेला दुभाषा मिळाला, तर दोन पैसे जास्त द्या.

विमानतळाचं नाव एजंटला अर्धवट सांगू नका. चेंगडूला दोन विमानतळ आहेत. श्वांगलिउ शहराला लागून आहे. २०२१मध्ये सुरू झालेला त्येनफू शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. 'चेंगडू एअरपोर्ट' एवढंच लिहिलं, तर गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. तिकिटावरचं विमानतळाचं पूर्ण नाव आणि टर्मिनल चिनी अक्षरांत पाठवा. शांघायलाही हेच, तिथे पुदोंग आणि होंगच्याओ.

पत्त्याचंही तसंच. स्टेडियमचं इंग्रजी नाव ड्रायव्हरच्या काही कामाचं नसतं, त्याच्या नकाशात सगळं चिनीत. हॉटेलच्या काउंटरवर पत्त्याचं कार्ड मिळतं. ते मुलांच्या किटबॅगेतही एक ठेवा, आमच्या लेकीच्या रॅकेटच्या कप्प्यात अजून आहे. स्पर्धेच्या हॉलचं चिनी नाव आणि कोणत्या गेटने जायचं, हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन बघून ठेवा. गेट चुकलं, तर किटबॅग घेऊन अख्ख्या संकुलाला वळसा पडतो आणि वॉर्म-अपचा वेळ तिथेच जातो.

ठरलेली वेळ तोंडी पक्की करू नका. हे मला फार मनापासून सांगायचंय. प्रमाण चिनीत चारला 'स्सं' आणि दहाला 'शं' म्हणतात. चेंगडू ज्या सिचुआन प्रांतात आहे, तिथल्या बोलीत 'स' आणि 'श' एकच होतात, म्हणून तिथला ड्रायव्हर दोन्ही जवळजवळ 'स्सं'च म्हणतो. फरक फक्त सुरांचा, तो आपल्या कानाला कळत नाही. त्यात हाताच्या खुणा वेगळ्या. अंगठा आणि तर्जनी उघडून दाखवली की आपण 'दोन' समजतो, ते असतं 'आठ'. आमचे ड्रायव्हरकाका असेच बोटं दाखवून हसत निघून गेले आणि दोन वाजता आम्ही हॉटेलच्या दारात ताटकळलो. त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळ वीचॅटवर, म्हणजे तिथल्या मेसेजच्या अॅपवर, २४ तासांच्या पद्धतीने, आकड्यांत टाकते आणि उलट तोच आकडा लिहून मागते. वीचॅटमध्ये आलेल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की भाषांतराचा पर्याय येतो, तेवढ्यावर बरंच काम भागतं. ड्रायव्हरला 'शिफू' म्हणा. कारागिराला, उस्तादाला देतात तसा तो मान आहे, आणि त्याने बोलण्यात लगेच फरक पडतो.

आता पैशांचा मुद्दा, आणि इथेच सगळ्यात जास्त पालक फसतात. दिवसभराची गाडी बहुतेक ८ तास आणि १०० किलोमीटर या हिशोबाने मिळते. त्यावर तासाला आणि किलोमीटरला जादा दर. पर्यटकाला ते पुरतं. बॅडमिंटनच्या ड्रॉमध्ये पहिल्या एक-दोन सामन्यांनाच घड्याळातली वेळ असते, पुढचे सगळे 'आधीचा संपल्यावर'. चार वाजता होईल म्हटलेला सामना सातलाही सुरू होतो आणि गाडी बाहेर मीटर खात उभी राहते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मूल पहिल्याच फेरीत हरू शकतं. आपण रविवारच्या फायनलपर्यंतचं बुकिंग करून बसतो, मनात तीच आशा असते. हरलेल्या लेकराला जवळ घ्यायच्या वेळी एजंटशी पैशांवरून वाद घालावा लागणं, याच्याइतकं वाईट काही नाही. मी तो वाद घातलाय. म्हणून बुकिंग एकेका दिवसाचं करा, पुढचा दिवस आदल्या रात्री ड्रॉ बघून वाढवायचा, आणि रद्द करायची अट चिनीत लिहून घ्या.

खरं सांगायचं तर रोज गाडी बांधून ठेवायची गरजही नसते. टॅक्सी बोलवायचं दीदी अॅप इंग्रजीत चालतं आणि पैसे देण्याच्या अलीपे अॅपला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येतं. दोन्ही भारतातूनच लावून, तपासून न्या. विमानतळ, सकाळचा पहिला सामना आणि शहराबाहेरचा सराव, एवढ्याचसाठी ठरलेली गाडी घ्या. स्वतः चालवायचा विचार मात्र सोडा, आपलं आंतरराष्ट्रीय परमिट तिथे चालत नाही. स्टेशनबाहेर 'टॅक्सी, टॅक्सी' करत येणाऱ्या खासगी गाड्यांना तिथलेच लोक 'हेइछं' म्हणजे काळी गाडी म्हणतात. त्यात बसू नका. व्हॉट्सअॅप आणि गूगल मॅप्स तिथल्या सिमवर आणि हॉटेलच्या वायफायवर उघडत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतात.

आता ज्या चुकीची मला आजही धास्ती वाटते, ती. लेकीला सर्दी झाली. आमची दुसरी दुभाषी, कॉलेजातली मुलगी, अतिशय मायाळू. न सांगता खाली गेली आणि कोमट पाण्यात ढवळून प्यायच्या औषधाच्या पुड्या घेऊन आली. पाकिटावर एकही इंग्रजी अक्षर नव्हतं. मी तिलाच एकेक घटक वाचायला लावला, तर तिसऱ्या ओळीत 'माह्वांग' निघालं. माह्वांग म्हणजे इफेड्रा ही वनस्पती, त्यात एफेड्रिन हे उत्तेजक असतं. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमाप्रमाणे स्पर्धेदरम्यान लघवीत ते मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सापडलं, की उत्तेजक घेतल्याचा ठपका येतो. कमळबीजातल्या हिरव्या कोंबाचा चहाही तिथे पितात, आणि त्यात हायजेनामाइन असतं, ज्याला स्पर्धा असो-नसो, कायमची बंदी आहे. वय लहान म्हणून चाचणी होत नाही, असं नाही. दुभाष्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की आम्हाला विचारल्याशिवाय मुलाला गोळी, काढा, चहा, काही द्यायचं नाही. सर्दी-तापाची नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घरून न्या आणि तिथे काही घ्यायची वेळ आलीच, तर आधी संघाच्या डॉक्टरांना विचारा.

मांसाचंही जपा. चीनमधल्या मांसात क्लेनब्युटेरॉल या खेळाडूंना बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडू शकतो, म्हणून खेळाडूंना सावध केलं जातं. रस्त्यावरचं टाळून स्पर्धेच्या अधिकृत हॉटेलातच जेवलेलं बरं. शाकाहारी असाल, तर 'मांस नको' एवढ्यावर थांबू नका. 'रोऊ' म्हटलं की तिथे बहुतेकदा डुकराचं मांस एवढाच अर्थ घेतात, आणि मग भाजीत चिकनचं पाणी आणि ऑयस्टर सॉस येतो. काय काय चालत नाही, त्याची यादी दुभाष्याकडून चिनीत लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. जैन कुटुंबांनी कांदा-लसूणही त्यात घालायचा.

गाइडने बक्षिसी मागितली किंवा एखाद्या दुकानातून घेतलंच पाहिजे म्हटलं, तर सरळ नाही म्हणा. २०१३च्या चिनी पर्यटन कायद्याने गाइडला दोन्ही गोष्टींची मनाई आहे. आपण आपणहून काही दिलं, तर तो वेगळा भाग.

दुभाष्याची वेळ संध्याकाळी सहाला संपते, पण घोटे सामन्यांच्या शेवटी-शेवटी मुरगळतात. मोठ्या दवाखान्यात आधी नोंदणी, मग पैसे, मग तपासणी, आणि प्रत्येक खिडकीवर पासपोर्ट लागतो. म्हणून दुभाषा ठरवताना आता माझा शेवटचा प्रश्न एकच असतो: रात्री अकराला फोन केला तर उचलाल का, आणि त्याचे किती घ्याल? जी मुलगी लगेच 'हो' म्हणून आकडा सांगते, तिला मी घेते.