ॲक्टिव्ह फिल्टर घेण्याआधी मोजणी करा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये वर्षभरात दोनदा पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर फुगलेले मी पाहिले. टोपण वर आलेलं, कडेनं तेल सुटलेलं. दोन्ही वेळा नवे टाकले गेले, पण दोष कपॅसिटरचा नव्हताच.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), यूपीएस, एलईडी दिवे करंट सलग लाटेसारखा घेत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी घेतात. त्यातून हार्मोनिक्स, म्हणजे मूळ 50 हर्ट्झच्या पटीतले जादा करंट, तयार होतात. थ्री-फेज ड्राइव्हमध्ये मुख्यतः पाचवा (250 हर्ट्झ) आणि सातवा (350 हर्ट्झ). कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरचा रेझोनन्स (दोघं मिळून ज्या हर्ट्झला जोरात झुलतात तो) त्यांच्या आसपास आला की कपॅसिटरमधला करंट बेसुमार वाढतो. ॲक्टिव्ह फिल्टर हे हार्मोनिक्स सतत मोजतो आणि त्याच मापाचा उलटा करंट सोडून ते खोडतो.

आधी पॉवर ॲनालायझर भाड्यानं आणून कामाचा पूर्ण आठवडा मोजणी करा. साधा क्लॅम्प मीटर इथे उपयोगाचा नाही. न्यूट्रलचा करंटही बघा, कारण तिसरा हार्मोनिक तिन्ही फेजमधून तिथेच गोळा होतो.

मग स्वस्त उपाय. ड्राइव्हना चोक (करंटचे झटके मऊ करणारी कॉइल) नसेल तर बसवा, कपॅसिटरना 7 टक्के रिॲक्टर (रेझोनन्स पाचव्या हार्मोनिकच्या खाली नेणारी कॉइल) जोडा. हे न करता थेट फिल्टर घेणं म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून मोठा पंप लावणं.

आता फिल्टरचं माप. ते अँपिअरमध्ये ठरतं. लोड 200 अँपिअर आणि टीएचडी (मूळ 50 हर्ट्झच्या करंटच्या तुलनेत हार्मोनिक्सचं प्रमाण) 35 टक्के असेल, तर हार्मोनिक करंट सुमारे 66 अँपिअर येतो. कागदावर 75 चा पुरेल. पण बऱ्याच फिल्टरचं रेटिंग 40 अंशांपर्यंतचं असतं आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 गाठतो. मी 100 चाच घेईन.

जोडणीत सगळ्यात जास्त चुका सीटीच्या (फिल्टरसाठी करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या) होतात. सीटी उलटी बसली की फिल्टर हार्मोनिक्स खोडण्याऐवजी वाढवतो. चालू लोडवर सीटीची सेकंडरी, म्हणजे फिल्टरकडे जाणारी बाजू, कधीही उघडी ठेवू नका. तिथे जिवावर बेतणारं व्होल्टेज येतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

फिल्टर मेन पॅनलला लावला तर आराम ट्रान्सफॉर्मरला मिळतो. ड्राइव्हपर्यंतच्या केबलमध्ये हार्मोनिक्स तसेच राहतात. केबल तापत असेल तर फिल्टर ड्राइव्हजवळ हवा.

शेवटी त्याच लोडवर फिल्टर बंद आणि चालू, अशी दोन्ही मोजणी घ्या. उन्हाळ्यात पंख्याची जाळी दर पंधरवड्याला झाडा. ती तुंबली की फिल्टर तापतो आणि ऐन लोडच्या वेळी हात आखडतो.