एबीएसचा दिवा लागला? आधी सेन्सर बदलू नका, या चुका टाळा

भर पावसात ताम्हिणी घाट करून आलं आणि डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागला, की पुण्यातला ठरलेला क्रम असा: गॅरेजमध्ये स्कॅनर लावायचा, ‘पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर’ असा कोड वाचायचा आणि नाना पेठेतून नवा सेन्सर आणायचा. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. कारण कोडचा अर्थ एवढाच, की त्या चाकाकडून सिग्नल नीट येत नाही. दोष वायरचा, कनेक्टरचा, चाकासोबत फिरणाऱ्या रिंगचा किंवा बेअरिंगचाही असू शकतो. पार्किंगमधल्या उंदरांना विसरू नका, वायर कुरतडणं हा त्यांचा नेहमीचा उद्योग.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तारेची कॉइल असते. समोरून दातेरी रिंग फिरली की कॉइलमध्ये एसी व्होल्टेज तयार होतं. चाक हळू फिरलं की हा सिग्नल क्षीण होतो. त्यातच सेन्सरखाली गंज धरला आणि तो जागेवरून जरा जरी वर उचलला गेला, की गाडी थांबता थांबता सिग्नल गायब. एबीएसच्या कंट्रोल युनिटला वाटतं चाक लॉक झालं, ते एबीएस चालू करतं आणि कोरड्या रस्त्यावर, चौकात थांबताना, ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं. इथे नवा सेन्सर कशाला? बसायची जागा घासून साफ करा, टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसा. फक्त जाम झालेला सेन्सर हातोडीने ठोकून काढू नका, तुटतोच.

नव्या गाड्यांत बहुतेक हॉल इफेक्टसारखे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारे सेन्सर येतात. त्यांना बाहेरून विजेचा सप्लाय लागतो. त्यामुळे मल्टिमीटरने ओहम मोजून ‘सेन्सर गेला’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ती तपासणी जुन्या कॉइलवाल्यांची.

या गाड्यांत दात्यांऐवजी अनेकदा बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, आणि सगळ्यात महागडी चूक इथे होते. बेअरिंग उलटं प्रेस केलं, तर गाडी छान पळते, आवाज नाही, पण सेन्सरला काहीच दिसत नाही. दोन्ही बाजू सारख्याच दिसत असतील तर हलकी टाचणी सीलला टेकवून पाहा. जिकडे ओढली जाईल ती बाजू सेन्सरकडे. आणि नवं बेअरिंग मॅग्नेटिक ट्रेवर ठेवू नका.

एकाच चाकाला वेगळ्या साइजचा टायर घातला तरी चार चाकांच्या वेगाचा हिशोब बिघडतो.

पैसे खर्च करण्याआधी मेकॅनिकला स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावायला सांगा. मोकळ्या रस्त्यावर सरळ, ताशी 20 किलोमीटरने चालवा. चारही चाकांच्या वेगाचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकच आकडा शून्यावर पडत असेल, तर शेजारी बसलेल्याला आकडा बघायला सांगून खड्ड्यावरून हळू न्या. हादऱ्यासरशी आकडा येत-जात असेल तर आधी वायर आणि कनेक्टर बघा.

फक्त पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, सावकाश गॅरेज गाठता येतं. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी हलवू नका, टोइंग बोलवा.