जुना मॅसी घेतलाय? मग मृगाआधी एवढं करा

पाडव्याला हार घालून, नारळ फोडून ट्रॅक्टर दारात आणलात ना? आता तो हार काढा आणि बोनेट उघडा. मी हे माझ्या मॅसी फर्ग्युसन 1035 वरून लिहितोय. तीन सिलिंडर, सिम्प्सनचं इंजिन, माझ्याकडे येईपर्यंतची सगळी हयात ऊस ओढण्यात गेलेली. तुमचा दुसऱ्या कंपनीचा असेल तर नट-बोल्ट इकडेतिकडे होतील, दुखणी तीच. मृग लागतो 7 जूनच्या आसपास, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एकही मिस्त्री फोन उचलत नाही. तेव्हा चैत्रातच सुरुवात करा.

आधी कागद. आरसीवर (ट्रॅक्टरच्या नोंदणी पुस्तकावर) बँकेचा बोजा असेल तर तो उतरेपर्यंत सगळे पैसे देऊ नका. बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं ना-हरकत पत्र विकणाऱ्याकडून घ्या. नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 व्यवहाराच्या दिवशीच सही करून घ्या, नंतर माणूस सापडत नाही. ट्रॉलीचे कागद वेगळे असतात, तेही मागा. विमा काढा.

मग ट्रॅक्टर स्वच्छ धुवा, म्हणजे गळती कुठून आहे ते दिसेल. इंजिन ऑइल, फिल्टर, रेडिएटरचं पाणी, फॅन बेल्ट हे तुम्हाला सांगायला नको.

आता एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा ऑइलातून गाळणारा डबा. इथे जरा थांबा.

गेल्या वर्षी मी इंजिन बोअर केलं, म्हणजे आतून नवं करून घेतलं. लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, नोझल सगळं नवं, डिझेल पंपही करून घेतला. अर्ध्या लाखाच्या वर गेले. एअर क्लीनरकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही, कारण बाहेरून डबा चांगला दिसत होता. मग उन्हातान्हात काळ्या रानात रोटाव्हेटर मारला. मागे धुळीचा लोट आणि मी खूश. दिवाळीपर्यंत ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) धूर यायला लागला, इंजिन ऑइल प्यायला लागलं आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला लागली. मिस्त्रीनं काही न बोलता एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीकडे, जाणारा रबरी पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. गंध लावावं तशी माती. पाइपाला क्लिपच्या खाली चीर होती, नखाएवढी. ऑइलात मिसळलेली धूळ म्हणजे पॉलिश पेपर. नवं इंजिन एका हंगामात घासून निघालं, आणि तो पाइप काही शंभरात मिळाला असता!

म्हणून एअर क्लीनरची खालची वाटी उघडा. आत ऑइलाच्या जागी चिखल असेल तर खरवडून काढा, डिझेलनं धुवा, वरची जाळीही डिझेलमध्ये बुडवून साफ करा आणि वाळू द्या. ताजं इंजिन ऑइल वाटीवरच्या खुणेपर्यंतच भरा. "थोडं जास्त बरं" हा शहाणपणा इथे नको. जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन त्या ऑइलावरच पळत सुटलं तर चावी फिरवून किंवा स्टॉप ओढून थांबत नाही. वाटीचं वॉशर बदला. रबरी पाइप जुना असेल तर चीर दिसो न दिसो, बदलाच. क्लिपाही नव्या. मग इंजिन हळू चालू ठेवून एअर क्लीनरच्या वरच्या तोंडावर एक फळकुट दाबून धरा. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. नाही पडलं, तर हवा कुठून तरी चोरून आत जातेय आणि हवेबरोबर तुमचं रान. धुळीच्या कामात वाटी रोज बघायची. रोज म्हणजे रोज.

डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला, टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी काढा. नंतर हँड प्रायमरनं (हातानं दाबायच्या छोट्या पंपानं) डिझेलच्या नळ्यांतली एअर काढा, आधी फिल्टरच्या स्क्रूपासून, मग पंपापासून. नोझलचा फवारा बोटानं तपासायचा नाही. तो कातडीतून आत शिरतो आणि पुढे थेट ऑपरेशन.

इंजिन गरम होतं म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप) काढून फेकतात. तसं करू देऊ नका. गरम होण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा असतो. बोअर करायचं की नाही हे ठरवायच्या आधी, पुन्हा सांगतो, एअर क्लीनरचा पाइप. आधी पाइप, मग पिस्टन.

उसाच्या ट्रॅक्टरचा क्लच हमखास गेलेला असतो. त्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडावा लागतोच, तर प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी टाका. मजुरी एकदाच पडते. मागच्या हुकाची भोकं लांबट झाली असतील तर वेल्डिंगनं भागवू नका. ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लागतात का बघा, रस्त्यावर दोन्ही पॅडल जोडूनच चालवा.

लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारी यंत्रणा: नांगर उचलून इंजिन बंद करा. लगेच खाली येत असेल तर बहुतेक सील गेलंय. मॅसीत लिफ्टचा पंप मागच्या हाउसिंगच्या तेलातच असतो, तेव्हा ते तेल पांढरट दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं काढा.

नवीन काही बसवायचं असेल तर पॉवर स्टिअरिंग घ्या, खांदे वाचतात. पीटीओच्या (मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या) शाफ्टला कव्हर घाला, उपरणं अडकलं तर हाताचं काय होतं ते विचारू नका. सहा फुटी रोटाव्हेटर या इंजिनाला जोडू नका.

टायर, दिवे, मागचे रिफ्लेक्टर, ग्रीस. रंग सगळ्यात शेवटी, आणि पैसे उरले तर. बोअर केलं असेल तर पहिलं ऑइल पन्नास तासांनी बदला आणि त्याच दिवशी एअर क्लीनरच्या क्लिपा पुन्हा आवळा, नवा पाइप बसला की त्या सैल पडतात.