रेप्लिकेशनची वही: ‘सर, कोणत्या मशीनवर?’

आमच्या आडत व्यापाऱ्यांच्या हिशेबाचा पोस्टग्रेस डेटाबेस लातुरातल्या मुख्य मशीनवर चालतो; स्टँडबाय, म्हणजे मुख्य मशीन पडलं तर जागा घेणारी त्याची चालती नक्कल, नांदेडला. रेप्लिकेशनच्या, म्हणजे ही नक्कल सतत ताजी ठेवण्याच्या, सेटिंगची वही मीच लिहिलेली, आणि ती बरी आहे असा माझा समज होता. सोयाबीनची आवक जोरात असताना मी गावी गेलो अन् उदगीरच्या आमच्या पोराचा फोन आला. ‘सर, वहीत लिहिलंय, वॉल कीप ५१२. कोणत्या मशीनवर? अन् ५१२ काय?’

खरी गोम त्या ‘काय’मध्येच होती. वॉल म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंद; ती वाचूनच स्टँडबाय ताजा राहतो, अन् जुनी नोंद किती ठेवायची ते हे सेटिंग ठरवतं. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १२ पर्यंत ‘वॉल कीप सेगमेंट्स’ होतं, म्हणजे १६ एमबीच्या फाइली मोजायच्या. ५१२ म्हणजे ८ जीबी. १३ मध्ये ते ‘वॉल कीप साइझ’ झालं, आणि पुढं एकक लिहिलं नाही तर ते एमबी धरतं. अपग्रेड करताना मी नाव बदललं, आकडा तोच ठेवला, म्हणजे ८ जीबीचे ५१२ एमबी झाले. नांदेडची लाइन रात्रभर गेली, तेवढ्यात स्टँडबायला लागणाऱ्या वॉल फाइली इकडं पुसल्या गेल्या. स्टँडबाय पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागला.

तेव्हापासून प्रत्येक सेटिंगची नोंद मशीनच्या नावानं सुरू करतो. मग एककासकट आकडा, आणि तो का: ‘८ जीबी, लाइन रात्रभर गेली तरी पुरावं म्हणून.’ कारण लिहिलं नाही तर पुढचा माणूस आकडा बदलायला भितो, नाहीतर बिनधास्त बदलतो. स्टँडबाय उद्या मुख्य होऊ शकतो, म्हणून हा आकडा तिकडंही टाकायचा, हेही तिथंच लिहायचं.

सेटिंग बदलल्यावर रिस्टार्ट (डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करणं) लागतो की रीलोड (चालू असतानाच सेटिंग पुन्हा वाचणं) पुरतो, हे आठवणीवर लिहू नका. ‘पीजी सेटिंग्ज’ या पोस्टग्रेसच्याच तक्त्यातला ‘कॉन्टेक्स्ट’ रकाना बघा: पोस्टमास्टर असेल तर रिस्टार्ट, सिगहप असेल तर रीलोड. बाजार चालू असताना हा फरक लई महागात पडतो.

क्रम असेल तिथं क्रम लिहा. ‘मॅक्स कनेक्शन्स’ (एका वेळी किती जोडण्या चालतील) वाढवायचं तर आधी स्टँडबायवर, कमी करायचं तर आधी मुख्य मशीनवर. उलटं केलं की स्टँडबाय अडून बसतो.

स्लॉट म्हणजे स्टँडबायनं वॉल कुठवर घेतलं याची मुख्य मशीनवरची खूण; त्याला मात्र अख्खं पान द्या. स्टँडबाय कायमचा बंद केला अन् स्लॉट तसाच राहिला, तर मुख्य मशीन वॉल धरून ठेवतं, डिस्क भरेपर्यंत. त्यावर मर्यादा घालणारं ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ मुळात उणे १ असतं, म्हणजे मर्यादाच नाही. पानाच्या सुरुवातीला ‘डिस्क भरत चालली तर आधी हे बघा’ असं लिहा. रात्री दोनला माणूस सेटिंगचं नाव शोधत नाही, दुखणं शोधतो.

स्टँडबायची सेटिंगं ज्यात असायची त्या ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ची जुनी पानं फाडून टाका, ती फाइल आवृत्ती १२ पासून नाहीच.

वही झाली की दुसऱ्याला नुसत्या तिच्यावर नवा स्टँडबाय उभा करायला सांगा, आपण चहा घेत गप्प बसायचं. आमच्या पोरानं सात प्रश्न विचारले. सहा वहीत गेले. सातवा नांदेडच्या यूपीएसची बॅटरी कुणी बदलायची हा होता. तो अजून तसाच आहे.